पठ्ठे बापूराव : नाव सगळ्यांना ठाऊक, काम किती जणांना?

वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचं गाव. नाव सगळ्यांनी ऐकलंय. पण पारावर कुणाला विचारलं, तर बहुतेक वेळा एकच गोष्ट ऐकायला मिळते : ब्राह्मणाचा मुलगा पवळेच्या नादी लागला आणि तमाशात गेला. एका माणसाची आयुष्यभराची कमाई एवढ्यात उरकली जाते.

त्यांचं खरं नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म ११ नोव्हेंबर १८६६ चा. कुलकर्ण्याच्या घरातला मुलगा दप्तर सांभाळील, अशीच तेव्हाची रीत. श्रीधरला मात्र ढोलकी-तुणतुण्याची ओढ लागली. तो कवनं जुळवू लागला आणि पुढं घर, जात, सोवळं सगळं मागं ठेवून फडात उभा राहिला. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. आपण कोणत्या कुळात जन्मलो आणि काय सोडून इथं आलो, हे त्यांनी स्वतःच्याच कवनात सांगून टाकलं.

आता कामाविषयी. लावणी म्हणजे फक्त शृंगार, असं आज आपण धरून चालतो. बापूरावांनी शृंगारिक लावण्या लिहिल्याच, त्यात आडपडदा नाही. पण तमाशाला सुरुवातीला गण लागतो, मग गौळण, मग सवाल-जवाब आणि शेवटी रात्र जागवणारा वग. हे सगळं त्यांनी लिहिलं. गणात गणपतीला नमन, गौळणीत कृष्णाच्या खोड्या, भेदिक कवनात अध्यात्माची कोडी. मिठाराणीचा वग त्यांचाच. आपण दोन लाख लावण्या रचल्या, असा त्यांचा दावा होता. आकडा बाजूला ठेवला, तरी छापून आलं ते त्यातलं थोडंच. बाकीचं फडाफडांतून तोंडपाठ चालत राहिलं. शाहीर आपलं नाव कवनाच्या शेवटच्या कडव्यात गुंफतो. गाणाऱ्यानं ते कडवं गाळलं की रचना उरते, रचणारा जातो.

पवळेच्या बाबतीत तर याहून मोठा अन्याय झाला. पवळा ही संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची, महार समाजातली कलावंत. तमाशात बायकांची कामं नाच्या पोऱ्यानं करायची, त्या काळात ती बोर्डावर उभी राहिली. बापूरावांचे शब्द लोकांपर्यंत पोचले ते तिच्या गळ्यातून आणि अदाकारीतून. मुंबईत या जोडीचं मोठं नाव झालं. तरी लोकांनी तिच्या रूपाच्याच गोष्टी सांगितल्या, तिच्या कलेची नोंद फारशी कुणी ठेवली नाही.

एक प्रसंग आजही सांगितला जातो. बापूरावांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीला तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली. आपल्या समाजातल्या बाईला नाचवून मिळालेला पैसा नको, म्हणून बाबासाहेबांनी ती घेतली नाही. बापूरावांनी जात सोडली, हे धाडस होतंच. पण त्यांना सोडायला जात होती. पवळेला तशी सोय नव्हती. बापूरावांचं मोठेपण सांगताना हा प्रश्न टाळून चालत नाही.

पुढं ही जोडी फुटली. फडाची रया गेली. हजारोंची गर्दी खेचणाऱ्या या शाहिराचे शेवटचे दिवस पुण्यात हलाखीत गेले. २२ डिसेंबर १९४५ रोजी त्यांचं निधन झालं. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात अश्लीलतेच्या कारणावरून मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. ती पुढं उठली, पण शिक्का काही पुरता पुसला नाही.

आजही जत्रेत बोर्ड लागतो, शिट्ट्या वाजतात आणि गण सुरू असताना निम्मे लोक चहाच्या गाड्यावर असतात. लावणी सिनेमाच्या चालीवर येते, कवी कोण हे कुणी विचारत नाही. आपल्या तालुक्यातल्या गावांत अजून एखादे म्हातारे ढोलकीवाले, सुरत्ये, वगातली कामं केलेल्या मावशी आहेत. त्यांच्याकडं जुनी कवनं पाठ असतील. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. जवळ बसून रेकॉर्ड करून घ्या आणि शेवटचं कडवं तेवढं आवर्जून म्हणायला लावा.