नाना शंकरशेट आणि त्यांच्या वाड्यातली शाळा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, तेव्हा माझ्यासारख्या सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने काय लिहावे, असा मला प्रश्न पडला. पाककृती द्यावी तर त्या सगळ्यांना माझ्याहून चांगल्या येतात. दोन दिवसांनी भाजी गल्लीतून पिशव्या घेऊन येताना नाना चौकात सिग्नलला उभी होते. समोरची पाटी वाचली आणि मनात आले, आपण रोज ज्या नानांच्या नावाने पत्ता सांगतो, ते नाना कोण होते, हे आपल्या मुलांना तरी ठाऊक आहे का? घरी येऊन मुलाला विचारले, तर तो म्हणाला की कोणी नाना फडणवीस असतील! त्याच दिवशी ठरवले की जगन्नाथ शंकरशेट यांच्याविषयीच लिहायचे. वाचनालयातून पुस्तके आणून, दुपारचा वेळ काढून जे समजले ते माझ्या साध्या भाषेत मांडते.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घराणे दैवज्ञ ब्राह्मणांचे, मूळ आडनाव मुरकुटे. पूर्वज कोकणातून मुंबईस येऊन व्यापारात स्थिरावले होते. वडील शंकरशेट यांनी पेढी चांगली नावारूपास आणली. नाना चौकाजवळचे भवानीशंकराचे देऊळ आपल्यापैकी पुष्कळजणी सोमवारी पाहतात, ते याच घराण्याचे. १८२२ साली वडील वारले आणि अवघ्या एकोणिसाव्या वर्षी सारा कारभार नानांच्या अंगावर पडला. आपल्या घरात एकोणीस वर्षांच्या मुलाला वाण्याकडून सामान आणायला पाठवले तर दोन जिन्नस विसरून येतो. त्या वयात नानांनी मोठी पेढी सांभाळली, एवढेच नव्हे, तर ती वाढवली. त्यांच्या शब्दाला बाजारात असा मान होता की अरबस्तान, अफगाणिस्तानाकडचे व्यापारीसुद्धा आपला पैसा व मौल्यवान वस्तू विश्वासाने त्यांच्याकडे ठेवीत. व्यापाऱ्याची खरी पुंजी तिजोरीत नसते, ती लोकांच्या विश्वासात असते, हे यावरून दिसते.

पैसा मिळाला म्हणजे माणूस माडी बांधतो, दागिने घडवतो. नानांनाही वैभव आवडत नव्हते असे नाही. परंतु त्या पैशाला त्यांनी दुसरी वाट काढून दिली. त्या काळी मुंबईत आपल्या मुलांना शिकण्यासाठी धड शाळा नव्हत्या आणि मराठीत शिकावे तर छापलेली पुस्तके नव्हती. गव्हर्नर एल्फिन्स्टन साहेबांच्या काळात, १८२२ साली, पुस्तके तयार करणारी व शाळा काढणारी एक संस्था मुंबईत निघाली. तिच्या कामात नाना तरुणपणीच पडले. पुढे एल्फिन्स्टन साहेब विलायतेस परतले, तेव्हा त्यांच्या नावाने फंड जमवून उच्च शिक्षणाची सोय झाली, तीत नाना पुढे होते. १८४० मध्ये शिक्षणाचे बोर्ड स्थापन झाले, त्यावरही त्यांनी अनेक वर्षे काम केले.

या बोर्डात १८४७ च्या सुमारास एक मोठा वाद झाला, तो आपण मायबहिणींनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. बोर्डाचे अध्यक्ष पेरी साहेब यांचे म्हणणे असे की वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे आणि पैसा त्यावरच खर्चावा. नानांना इंग्रजी उत्तम येत होते, साहेबलोकांत त्यांची ऊठबस होती. तरीही त्यांनी कर्नल जर्व्हिस यांच्यासह या मताला विरोध केला. सर्वसामान्य लोकांपर्यंत विद्या न्यायची असेल तर ती त्यांच्या मातृभाषेतूनच गेली पाहिजे, असे त्यांनी बोर्डापुढे मांडले. पुढे १८५४ साली विलायतेहून शिक्षणाविषयी जो खलिता आला, त्यात देशी भाषांना स्थान मिळाले. आज मी हा लेख मराठीत लिहिते आहे व तुम्ही वाचता आहात, त्यामागे अशा वादांत कोणीतरी ठाम उभे राहिले होते, हे विसरू नये.

आता मुख्य गोष्टीकडे येते. १८४८ साली पुण्यास भिड्यांच्या वाड्यात जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, हे आपण जाणतोच. त्याच सुमारास मुंबईत एल्फिन्स्टन विद्यालयातील तरुणांनी एक विद्यार्थी सभा स्थापन केली. तीत दादाभाई नौरोजी होते. या तरुणांनी १८४९ साली मुलींसाठी शाळा काढायचे मनावर घेतले. पगार न घेता, आपला अभ्यास सांभाळून ते शिकवायला तयार होते. शिकवणारे मिळाले, पण मुली कोण पाठवणार आणि जागा कोण देणार? मुलगी शिकली तर विधवा होते, अशी समजूत घरोघर होती. बायका लिहू लागल्या तर घराण्याची अब्रू जाईल, असे शहाणे म्हणवणारेही म्हणत. अशा वेळी नानांनी आपल्याच वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली.

हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. नाना काही बंडखोर नव्हते. देवधर्म करणारे, रीतीभाती पाळणारे, बिरादरीत मान असलेले गृहस्थ होते. त्यांनी दुरून देणगी दिली असती तरी लोकांनी वाहवा केली असती. शाळा दुसऱ्या कोणाच्या जागेत भरली असती, लोकांनी नावे ठेवली असती तर ती त्या जागेला ठेवली असती. पण त्यांनी आपल्या उंबऱ्याच्या आत शाळा घेतली. म्हणजे लोकनिंदाही आपल्या दारी घेतली. माझ्या मते त्या शाळेला याच गोष्टीचा मोठा आधार झाला असेल. नानाशेटांच्या वाड्यात मुलगी जाते म्हटल्यावर कोणत्या आजीला किंवा सासूला बोट दाखवता येणार? जे काम पैशाने झाले नसते, ते त्या घराच्या अब्रूने झाले असावे.

नानांचे इतर कार्य इतके आहे की एका लेखात मावणार नाही. सतीची चाल बंद करण्यास त्यांचा पाठिंबा होता. १८२९ साली बेंटिंक साहेबांनी ती कायद्याने बंद केली. मुंबईत आगगाडी यावी म्हणून १८४५ पासून जमशेटजी जीजीभाई व नाना यांनी खटपट केली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या हिंदी संचालकांत ते होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, साहिब, सिंध व सुलतान अशी तिच्या इंजिनांची नावे, त्या गाडीच्या मानकऱ्यांत नानाही होते. आपण लोकलने डोंबिवलीला माहेरी जातो, तेव्हा याची आठवण ठेवावी. गिरगावातले सोनापूर स्मशान सरकार शिवडीस हलवू पाहत होते, गोरगरिबांना प्रेत घेऊन तेवढे लांब जाणे कसे परवडेल, म्हणून नानांनी ते हलू दिले नाही. ग्रँट रोडला १८४६ साली नाटकगृह झाले, त्याची जागा नानांनी दिली. १८५३ मध्ये सांगलीचे विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन मुंबईस आले, तेव्हा या नाटकगृहात मराठी नाटक झाले. भायखळ्याची राणीची बाग व तेथील संग्रहालय यांच्या उभारणीतही डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर त्यांचा हात होता.

सरकारदरबारी मान असूनही नाना सरकारचे मिंधे झाले नाहीत. २६ ऑगस्ट १८५२ रोजी त्यांनी व इतर पुढाऱ्यांनी बॉम्बे असोसिएशन ही संस्था काढली. राज्यकारभारात हिंदी लोकांना जागा मिळावी, असा अर्ज या संस्थेने विलायतेच्या पार्लमेंटकडे पाठवला. काँग्रेस स्थापन होण्याआधी तेहेतीस वर्षांची ही गोष्ट. १८५७ च्या धामधुमीत बंडवाल्यांना सामील असल्याचा संशयही त्यांच्यावर आला. इतकी वर्षे ज्या सरकारबरोबर काम केले, त्यानेच संशय घ्यावा, हे त्यांना किती लागले असेल! चौकशीत काही निघाले नाही. पुढे १८६२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांची नेमणूक झाली. दहा वर्षांपूर्वी अर्जात जे मागितले, त्यातले थोडे का होईना पदरात पडलेले त्यांनी पाहिले.

३१ जुलै १८६५ रोजी नाना वारले. त्याच उन्हाळ्यापावसाळ्यात मुंबईत शेअरांचा फुगा फुटला होता. अमेरिकेतल्या युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, युद्ध थांबताच तो उतरला आणि कालचे लक्षाधीश आज भिकेला लागले. त्यांतल्या कितीकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. नानांचे नाव मात्र चौकाला आहे, गिरगावच्या रस्त्याला आहे. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळू लागली, ती मिळणे हा मोठा बहुमान समजत. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांनी १९१२ साली ती मिळवली होती.

शेवटी एक गोष्ट सांगते, ती सांगताना मला संकोच वाटतो. गेल्या वर्षी मंडळाने घरकाम करणाऱ्या बायकांसाठी दुपारचा साक्षरता वर्ग काढायचे ठरवले, हे तुम्हांला आठवत असेल. वर्गणी लगेच जमली, मीही दिली. जागेचा प्रश्न निघाला तेव्हा आम्ही सगळ्या एकमेकींकडे पाहू लागलो. माझी पुढची खोली दुपारी रिकामी असते. पण जिन्यात चपला पडतील, शेजारी काय म्हणतील, सतरंजी मळेल, असे मनात आले आणि घरी पाहुणे येणार आहेत, असे मी खोटेच सांगितले. वर्ग राहूनच गेला. त्यातल्या एका बाईने, माझ्याकडेच भांडी घासणाऱ्या, मला नंतर विचारले होते की ताई, तो वर्ग कधी सुरू होणार? मी तिला काय उत्तर देणार?

एका शेटजींनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपला वाडा उघडला, म्हणून आपल्या पणज्यांपर्यंत अक्षर पोचले आणि त्यांच्यामागून मी सातवीपर्यंत शिकले. वाडा माझ्याकडे नाही, पण दहा बाय बाराची खोली आहे. चिटणीसबाईंना मी सांगितले आहे की गुढीपाडव्यानंतर दुपारी दोन ते चार ती वर्गासाठी मोकळी आहे. सतरंजी माझी, फळा मंडळाने आणावा. शिकवायला ज्यांना येणे जमेल त्यांनी आपली नावे त्यांच्याकडे द्यावीत, ही विनंती करून मी माझा लेख पुरा करते.