बर्फ काढणारा छोटा ट्रॅक्टर आणि हॅरी फर्ग्युसन: तीन दांड्यांनी जग कसं बदललं?

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या प्रोजेक्टसाठी मी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात काही महिने राहिलो. डोंगराळ भाग आणि कडाक्याची थंडी. घरमालक सत्तरी ओलांडलेले आजोबा. मुख्य रस्त्यापासून त्यांच्या घरापर्यंतची खासगी वाट, म्हणजे ड्राइव्ह-वे, चांगलीच चढाची होती. रात्रीत गुडघाभर बर्फ पडला की आपली गाडी खाली जाणार नाही, आणि वेळ आली तर खालून ॲम्ब्युलन्सही वर येणार नाही. म्हणून आजोबा उजाडायच्या आत आपला छोटा ट्रॅक्टर बाहेर काढायचे. पुढे लोडरची बकेट, मागे बर्फ उडवणारा स्नो ब्लोअर.

एकदा तो ब्लोअर जोडताना मी जवळ उभा होतो आणि चमकलोच. खाली दोन दांडे, मध्ये वर एक दांडा, आणि तीन पिना. अगदी हीच जोडणी मी मामाच्या गावी रोटाव्हेटरला पाहिली होती! इतक्या लांब, इतक्या वेगळ्या कामाला, तीच रचना? आजोबांनी एकच नाव सांगितलं: फर्ग्युसन.

मी पुण्याचा, त्यामुळे डोक्यात आधी एफसी रोडच आला. पण कॉलेजवाले फर्ग्युसन म्हणजे मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर जेम्स. हा वेगळा. हा हॅरी.

शेताचा कंटाळा, मशीनचं वेड

हॅरी फर्ग्युसनचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा, आयर्लंडच्या काउंटी डाउनमधल्या ग्रोवेल या खेड्यातला. बाप शेतकरी, घरात अकरा भावंडं. पोराला शेतातल्या कष्टांचा मनापासून कंटाळा. १९०२ मध्ये तो बेलफास्टला मोठ्या भावाच्या सायकल आणि मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये कामाला लागला आणि तिथे त्याला सूर सापडला.

राइट बंधूंच्या विमानाच्या बातम्या ऐकून त्याने स्वतःच विमान बांधायला घेतलं. ३१ डिसेंबर १९०९ ला ते त्याने उडवलंही. उड्डाण जेमतेम १२० मीटरचं, पण आयर्लंडमधलं पहिलं. १९११ मध्ये त्याने स्वतःचं गॅरेज काढलं आणि पुढे तिथे ट्रॅक्टरही विकायला सुरुवात केली. ज्या शेतीपासून तो पळाला होता, तीच फिरून त्याच्या दारात आली.

ट्रॅक्टर जीव का घ्यायचा?

पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई होती. १९१७ मध्ये आयर्लंडच्या सरकारी शेती खात्याने फर्ग्युसनला गावोगावचे ट्रॅक्टर तपासून त्यांचं काम सुधारायला सांगितलं. त्याच्यासोबत होता त्याचा हुशार मेकॅनिक विली सँड्स. या दौऱ्यात फर्ग्युसनला खरा प्रॉब्लेम दिसला.

तेव्हा नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता बांधलेला असायचा, घोड्यामागे बांधतात तसा. नांगर जमिनीतल्या दगडाला अडकला की ट्रॅक्टरची मागची चाकं थांबायची, पण इंजिनचा जोर थांबायचा नाही. मग तो जोर अख्ख्या ट्रॅक्टरलाच मागच्या एक्सलभोवती फिरवायचा. पुढची चाकं हवेत, आणि क्षणात ट्रॅक्टर उलटून चालकाच्या अंगावर. यात माणसं मरत होती.

यावर सोपा उपाय काय? ट्रॅक्टर आणखी जड करा. पण जड ट्रॅक्टर महाग पडतो, इंधन जास्त खातो आणि जमीन दाबून टाकतो. फर्ग्युसनने प्रश्नच बदलला. ट्रॅक्टर वेगळा आणि अवजार वेगळं असं का समजायचं? दोघांचं मिळून एकच मशीन केलं तर?

तीन बिंदूंची आयडिया

यातूनच थ्री-पॉइंट लिंकेज आलं. खालचे दोन दांडे अवजार ओढतात. वरचा दांडा, म्हणजे टॉप लिंक, नांगरताना उलट ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. त्यामुळे पुढची चाकं उचलली जाण्याऐवजी जमिनीवर दाबून राहतात. नांगर जितका ओढ देतो, तितका ट्रॅक्टर जमिनीला चिकटतो.

यात दुसरी कमाल हायड्रॉलिकची. त्याचं पेटंट फर्ग्युसनने १९२० च्या दशकात घेतलं. जमीन कडक लागली की टॉप लिंकवरचा दाब वाढतो, त्याने एक व्हॉल्व्ह हलतो आणि नांगर आपोआप थोडा वर येतो. जमीन मऊ लागली की पुन्हा खाली. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला फीडबॅक लूप म्हणतो. फर्ग्युसनने तो तेल, स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह वापरून केला, तोही चिप जन्माला यायच्या कितीतरी आधी.

१९३३ मध्ये त्याने या पद्धतीचा पहिला नमुना, प्रसिद्ध ब्लॅक ट्रॅक्टर तयार केला. १९३६ पासून डेव्हिड ब्राउनच्या कारखान्यात फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टर बनू लागले. वजनाला हलके, कामाला तगडे. पण किंमत आणि विक्रीचं गणित नीट जमलं नाही आणि दोघांत खटके उडू लागले.

हातात हात, कागद नाही

ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर घेऊन थेट अमेरिकेला, हेन्री फोर्डकडे गेला. प्रात्यक्षिक पाहून फोर्ड खूश झाला. फोर्डने ट्रॅक्टर बनवायचा, त्यात फर्ग्युसनची सिस्टीम बसवायची आणि विक्री फर्ग्युसनने बघायची, असं ठरलं. करार? फक्त हस्तांदोलन! १९३९ मध्ये फोर्ड ९एन बाजारात आला आणि १९४७ पर्यंत या जोडीचे तीन लाखांच्या आसपास ट्रॅक्टर विकले गेले.

पुढे कंपनीची सूत्रं फोर्डच्या नातवाकडे आली. त्याच्या हिशेबाने या व्यवहारात कंपनीला तोटा होत होता. त्याने तोंडी करार मोडला आणि जवळपास तीच सिस्टीम वापरून ८एन हा नवा ट्रॅक्टर स्वतःच विकायला सुरुवात केली. १९४८ मध्ये फर्ग्युसनने कोर्टात २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला. चार वर्षं भांडण चाललं. १९५२ मध्ये तडजोड झाली ती ९२ लाख ५० हजार डॉलरवर. हे वाचताना मला पोटात गोळाच आला. आयुष्यभराची आयडिया, आणि हातात सहीचा एक कागदही नाही! मित्रांनो, फ्रीलान्स काम घेताना हा किस्सा आठवा.

बर्फावर फर्ग्युसन

फर्ग्युसन मात्र थांबला नव्हता. १९४६ पासून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला त्याचा टीई२० बनू लागला. राखाडी रंगाच्या या छोट्या ट्रॅक्टरला लोक लाडाने लिटल ग्रे फर्गी म्हणत. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले.

आता गंमत बघा. एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवाकडे निघाले ते याच टीई२० वर, फक्त बर्फासाठी पट्टे चढवून. ४ जानेवारी १९५८ ला ते ध्रुवावर पोचले. मोटर वाहनाने जमिनीवरून ध्रुव गाठणारे ते पहिलेच.

१९५३ मध्ये फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली आणि पुढे मॅसी फर्ग्युसन हे नाव आलं. त्यानंतर तो गाड्यांच्या फोर-व्हील ड्राइव्हच्या मागे लागला. निसरड्या रस्त्यावर चारही चाकांना जोर मिळाला तर अपघात टळतील, हा त्याचा ध्यास. २५ ऑक्टोबर १९६० ला तो गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या फोर-व्हील ड्राइव्हवरच्या रेसिंग कारने स्टर्लिंग मॉसच्या हातून इंग्लंडमधली शर्यत जिंकली. ते बघायला तो नव्हता. तो गेला त्याच वर्षी चेन्नईत टॅफे कंपनी सुरू झाली आणि मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर भारतात बनू लागले.

आजोबांचा चढ

आता पुन्हा व्हरमाँटला येऊ. चढावर बर्फ काढताना धोका असतो तो वजनाचा. पुढची बकेट बर्फाने भरली की पुढचा भाग जड होतो आणि मागची चाकं हलकी पडतात. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना ब्रेक असतो फक्त मागच्या चाकांना. उतारावर मागची पकड सुटली तर ट्रॅक्टर सरळ घसरत खाली. म्हणून आजोबा मागे जड ब्लोअर लावायचे, चाकांना साखळ्या घालायचे, बकेट जमिनीलगत ठेवायचे, लो गिअर टाकायचे आणि फोर-व्हील ड्राइव्ह चालूच ठेवायचे, म्हणजे इंजिनचा ब्रेक चारही चाकांना लागतो. तीन पिनांवर लटकलेलं ते वजनच त्यांना त्या चढावर धरून ठेवत होतं.

पेटंटची मुदत संपली तसं थ्री-पॉइंट लिंकेज सगळ्याच कंपन्यांनी उचललं आणि आज ते आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे. छोट्या ट्रॅक्टरसाठी कॅटेगरी १: खालच्या पिना २२ मिलिमीटर, वरची १९. म्हणून एका कंपनीचा ट्रॅक्टर आणि दुसरीचं अवजार सहज जुळतं, फोनचा टाइप-सी चार्जर जुळतो तसंच. कोर्टात फर्ग्युसनला मागितलं त्याचा छोटासा हिस्सा मिळाला, पण त्याचं डिझाइन सगळ्या जगाने घेतलं.

पुढच्या वेळी गावी गेलात की ट्रॅक्टरच्या मागे जाऊन बघा. दोन दांडे खाली, एक वर. तुमच्या गावात त्याला काय जोडतात? कमेंटमध्ये नक्की सांगा.