मुलीच्या मनाचा प्रश्न रंगमंचावर आणणारे हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल

लग्नात मुलीची संमती, संसारातला विश्वास, संशयाने होणारे नुकसान या विषयांवर आज शाळा-कॉलेजांत पथनाट्ये होतात. सांगलीजवळच्या एका नाटककाराने हेच विषय सव्वाशे वर्षांपूर्वी रंगमंचावर आणले होते. ते म्हणजे ‘संगीत शारदा’चे लेखक गोविंद बल्लाळ देवल.

कोण होते देवल?

कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे 1855 मध्ये त्यांचा जन्म झाला. त्याआधी 12 वर्षे, 1843 मध्ये, विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले होते. देवलांचे शिक्षण बेळगावात झाले. अण्णासाहेब किर्लोस्कर तिथे त्यांचे शिक्षक होते. पुढे देवलांनीही काही काळ शिक्षकाची नोकरी केली. किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत ते नट आणि तालीम मास्तर म्हणून नावाजले. त्यांनी एकूण सात नाटके लिहिली. त्यातले पूर्णपणे स्वतंत्र नाटक एकच, ‘शारदा’.

‘शारदा’त काय आहे?

1899 मध्ये हे नाटक रंगमंचावर आले. त्या काळी म्हाताऱ्या श्रीमंतांशी कोवळ्या मुलींची लग्ने लावली जात. याला जरठ-कुमारी विवाह म्हणत. नाटकातला कांचनभट पैशांच्या लोभाने मुलगी शारदा हिचे लग्न वृद्ध भुजंगनाथाशी ठरवतो. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो. आईचा विरोध असतो, पण घरात तिचे चालत नाही. कोदंड हा तरुण ऐन वेळी हे लग्न थांबवतो.

लग्न थांबते ते वर-वधू सगोत्र निघाल्यामुळे. मुलगी नको म्हणते, एवढे कारण तेव्हाच्या समाजाला पुरेसे नव्हते. निराश शारदा जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो आणि शेवटी दोघांचे लग्न होते.

त्याचा परिणाम का झाला?

1891 मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीचे संमतिवय 10 वरून 12 करण्यावरूनही महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते. सभेत आणि वर्तमानपत्रांत हा वाद कलमांचा आणि शास्त्रांचा होता. देवलांनी तो एका घरात आणला. ज्या बापांनी असे व्यवहार केले, त्यांनाही प्रेक्षागृहात बसून शारदेची भीती पाहावी लागली. गाणी घरोघरी पोहोचली आणि त्यांच्याबरोबर विषयही.

संशयावरची दोन नाटके

1890 च्या ‘झुंझारराव’मध्ये देवलांनी शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला. तिथे नवऱ्याचा संशय बायकोचा जीव घेतो. ‘संशयकल्लोळ’मध्ये तोच संशय हसवतो. फाल्गुनराव आणि कृत्तिका हे जोडपे एका तसबिरीवरून एकमेकांवर पाळत ठेवू लागते. सरळ विचारले असते तर मिटले असते, असे प्रकरण वाढत जाते. आज तसबिरीच्या जागी मोबाइल असतो. ‘संशयकल्लोळ’ संगीत नाटक म्हणून 1916 मध्ये आले. त्याच वर्षी 14 जून रोजी देवलांचे निधन झाले.

‘शारदा कायदा’ या नाटकावरून आला का?

नाही. 1929 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. मराठीत ‘सारडा’चे ‘शारदा’ झाले आणि अनेकांना तो नाटकाचाच कायदा वाटला. या कायद्याने मुलीचे किमान वय 14 आणि मुलाचे 18 केले. पुढे 1940 च्या दशकात सातारा-सांगली भागात प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी साधेपणाने ‘गांधी विवाह’ लावले आणि लग्नातल्या खर्चाच्या रूढीला धक्का दिला.

आज काय लक्षात ठेवायचे?

2006 च्या कायद्यानुसार लग्नासाठी मुलीचे वय किमान 18 आणि मुलाचे 21 लागते. बालविवाह होत असल्याचे कळले तर 1098 या चाइल्डलाइन क्रमांकावर कळवता येते. शारदेला वाचवायला गोत्र जुळून यावे लागले. आजच्या मुलीच्या बाजूने कायदा आहे, पण तिचा नकार आधी घरात ऐकला गेला पाहिजे.