वाकलेल्या पाठीचे कारण शोधणारा संशोधक

उतारवयात स्त्रीची पाठ वाकायची, उंची कमी व्हायची आणि साध्या पडण्याने मनगट किंवा खुबा मोडायचा, हे सारे वयाचे भोग मानण्याची रीत जगभर होती. या दुखण्यामागे केवळ वय नसून रजोनिवृत्तीनंतर शरीरात होणारा एक निश्चित बदल आहे, हे अमेरिकेतील डॉ. फुलर ऑलब्राइट यांनी दाखवून दिले. अंतःस्रावी ग्रंथींच्या वैद्यकशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

ऑलब्राइट यांचा जन्म १२ जानेवारी १९०० रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे झाला. वडील जॉन ऑलब्राइट हे मोठे उद्योगपती होते. बफेलोतील प्रसिद्ध कलादालन त्यांच्याच देणगीतून उभे राहिले. संपन्न घरातील या मुलाने मात्र वैद्यकाची वाट धरली. १९२४ मध्ये हार्वर्डची वैद्यकीय पदवी घेऊन ते बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये दाखल झाले.

या रुग्णालयात १९२५ मध्ये संशोधनासाठी दहा खाटांचा एक स्वतंत्र कक्ष सुरू झाला होता. रुग्णाच्या पोटात जाणारा प्रत्येक घास तेथे मोजला जाई आणि लघवी व शौचावाटे किती कॅल्शियम बाहेर पडते, याचीही नोंद ठेवली जाई. एखाद्या पेढीने जमाखर्च मांडावा, तसा हाडांचा हिशेब तेथे मांडला जात असे. डॉ. जोसेफ ऑब यांच्या हाताखाली ऑलब्राइट या पद्धतीत तरबेज झाले. १९२८-२९ मध्ये व्हिएन्नाला जाऊन त्यांनी याकोब एर्डहाइम या विकृतिशास्त्रज्ञाकडे हाडांच्या विकारांचा अभ्यास केला. परतल्यावर परावटू ग्रंथी, मूतखडे आणि रक्तातील कॅल्शियम यांचे परस्परसंबंध त्यांनी उलगडले.

ड जीवनसत्त्वाने मुडदूस बरा होतो, हे तोवर सिद्ध झाले होते. परंतु नेहमीच्या मात्रेला दाद न देणाऱ्या मुडदुसाचे वर्णन ऑलब्राइट व सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये केले. जीवनसत्त्व पोटात गेले म्हणजे काम झाले असे नाही, शरीर त्याचे काय करते हेही पाहावे लागते, हा या शोधाचा गाभा होता.

त्याहून मोलाचा ठरला त्यांचा भेद. ड जीवनसत्त्व कमी पडले की प्रौढांच्या हाडांत क्षार पुरेसे भरत नाहीत, हाडे मऊ पडतात आणि स्नायूही दुबळे होतात. ही अस्थिमृदुता होय. विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर भारतातील पडदानशीन स्त्रियांमध्ये हा विकार डॉक्टरांनी नोंदवला होता. ऑस्टिओपोरोसिसमध्ये मात्र हाडातील क्षारांचे प्रमाण योग्य असते, पण हाडच कमी उरते. दोन्हींत हाड मोडते, परंतु दोन्हींचे कारण एक नव्हे.

१९४० व १९४१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधांनी या दुसऱ्या विकाराचे कोडे सोडवले. पासष्ट वर्षांखालील ४२ रुग्णांपैकी ४० जणी रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रिया होत्या. अंडाशयांचे काम थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि त्याच्याबरोबर हाडांचा आधार जातो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. इस्ट्रोजेन दिल्यावर शरीरातून होणारी कॅल्शियमची गळती कमी होते, हेही जमाखर्चातून दिसले.

त्यांचे सारेच अनुमान टिकले नाही. नवे हाड घडत नाही, म्हणून ते विरळ होते, असे त्यांना वाटे. जुने हाड झिजण्याचा वेग वाढणे हे मुख्य कारण असल्याचे पुढे कळले. केवळ इस्ट्रोजेन घेतल्याने गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे १९७५ मध्ये, तर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेण्याचे धोके २००२ मध्ये मोठ्या चाचणीने समोर आणले. म्हणूनच हे उपचार आता स्त्रीचे वय व प्रकृती पाहून दिले जातात.

इस्ट्रोजेन घटल्याचा परिणाम हाडांपुरता राहत नाही. योनीमार्ग व मूत्रमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे होते. त्यातून जळजळ, शरीरसंबंधाच्या वेळी वेदना, वारंवार लघवीला जावे लागणे आणि मूत्रमार्गाचा संसर्ग असे त्रास उद्भवतात. संकोचापोटी अनेक जणी ते वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसतात. या लक्षणसमूहाला तज्ज्ञांनी एकत्रित नाव दिले, तेही २०१४ मध्ये. योनीमार्गात लावण्याच्या अल्प मात्रेतील इस्ट्रोजेनने त्यावर चांगला आराम पडतो. ड जीवनसत्त्वाची कमतरता असल्यास ती भरून काढणे हाडे व स्नायूंसाठी आवश्यकच आहे. मात्र केवळ त्याच्या गोळीने लघवीचे विकार बरे होतात, असे निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही. भरपूर ऊन असलेल्या आपल्या शहरांतही ही कमतरता सर्रास आढळते. त्यामुळे हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे ठरते. त्रास कोणता आणि कशाच्या अभावाने, हे तपासून मगच औषध ठरवणे हीच ऑलब्राइट यांची पद्धत होती.

इतरांच्या शरीराचा हिशेब मांडणाऱ्या या संशोधकाचे स्वतःचे शरीर मात्र लवकरच साथ सोडू लागले. चाळिशीच्या आतच त्यांना कंपवाताने गाठले. हात थरथरत, बोलणे अस्पष्ट होई. तरीही पत्नी क्लेअर व तरुण सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी संशोधन व अध्यापन चालू ठेवले. रजोनिवृत्तीविषयीचे त्यांचे सारे महत्त्वाचे काम याच आजारपणातले आहे. एडवर्ड रायफेनस्टाइन यांच्यासह लिहिलेला परावटू ग्रंथी व हाडांच्या विकारांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९५६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये मेंदूवर शस्त्रक्रिया करून घेतली. एका बाजूच्या शस्त्रक्रियेने आराम वाटला, पण दुसऱ्या बाजूच्या वेळी रक्तस्राव झाला आणि त्यांची वाचा कायमची गेली. पुढील तेरा वर्षे त्यांनी आपल्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये अंथरुणाला खिळून काढली. ८ डिसेंबर १९६९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. पाठ वाकलेल्या वृद्धेला वयाचा दाखला देऊन परत पाठवू नये, तिच्या दुखण्याचे कारण शोधावे, ही शिकवण त्यांनी मागे ठेवली.