संत तोमस मोर

सरकारी हुकूम सदसद्विवेकबुद्धीच्या आड आल्यास ख्रिस्ती मनुष्याने काय करावे, असे धर्मग्रामातील तरुण आम्हांस विचारतात. त्यांस आम्ही संत तोमस मोर यांचे चरित्र सांगतो.

लंडन येथे १४७८ साली जन्मलेले हे विनोदप्रिय वकील १५२९ साली इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर झाले. त्या अधिकारावर असता पाखंडी मतवाल्यांशी ते कठोरपणे वागले, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. १५३२ साली आठव्या हेन्री राजापुढे धर्मगुरुवर्गाने मान तुकविली. दुसऱ्याच दिवशी मोर यांनी पदत्याग केला. दंगा नाही, राजनिंदा नाही.

१५३४ साली शपथेचा प्रसंग आला. गादीचा वारस ठरविण्याचा संसदेचा अधिकार त्यांस मान्य होता. परंतु पोपमहाराजांची सत्ता नाकारणारी शपथ त्यांनी घेतली नाही, व नकाराचे कारणही उच्चारले नाही. लाडकी कन्या मार्गारेट हिने शपथ घेतली होती, व तीच तुरुंगात येऊन बापास विनवीत होती. त्यांनी तिला दोष दिला नाही. शपथ घेणाऱ्या कोणासही दिला नाही.

दोषी ठरविले गेल्यावर मात्र ते भर न्यायालयात मोकळेपणाने बोलले. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. मरतानाही त्यांनी स्वतःस राजाचा सेवक म्हणवून घेतले, मात्र देवाचा आधी.