ग्लोव्हला जाळी देणारे बिल डोक

क्रिकेटपटू नवी बॅट घेऊन थेट सामन्यात उतरत नाही. तिला तेल लावून, लाकडी हातोडीने ठोकून आधी खेळण्याजोगी केली जाते. बेसबॉलच्या चामडी ग्लोव्हचेही तसेच आहे. नवे चामडे ताठ असते, त्यावर आदळलेला चेंडू हातात न राहता उसळून बाहेर पडतो. म्हणून खेळाडू त्याला बेताने तेल चोळतो, मधोमध पुन:पुन्हा चेंडू आपटतो आणि रात्री आत चेंडू ठेवून ग्लोव्ह घट्ट बांधून ठेवतो. तेल अधिक झाले की ग्लोव्ह जड होतो, आचेवर तापवला की चामडे कोरडे पडून तडकते. खेळाडूंचे हे कष्ट हलके करणारे बिल डोक स्वत: पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे खेळाडू होते.

२८ जानेवारी १८९१ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे जन्मलेल्या डोक यांनी १९१२ मध्ये सिनसिनाटी संघातून पदार्पण केले. पुढच्याच वर्षी ते सेंट लुईस कार्डिनल्समध्ये आले आणि त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग तेथेच गेला. १९१४ आणि १९२१ अशा दोन हंगामांत धावा देण्याची त्यांची सरासरी नॅशनल लीगमध्ये सर्वांत कमी होती. थुंकीने ओला केलेला चेंडू, म्हणजे ‘स्पिटबॉल’, हे त्यांचे अस्त्र. हा चेंडू ऐनवेळी खाली वळत असल्याने फलंदाजाचा फटका बहुधा जमिनीलगत जाई. साहजिकच डोक यांचे यश क्षेत्ररक्षकांच्या हातांवर अवलंबून होते.

ते हात मात्र पुरेसे सज्ज नव्हते. १८७५ मध्ये सेंट लुईसच्याच चार्ल्स वेट यांनी ग्लोव्ह घातला, तेव्हा तो कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून कातडीच्या रंगाचा निवडला होता. पुढे ग्लोव्ह रूढ झाले, पण ते लहान उशीसारखे होते. त्यांचे काम हाताला मार लागू न देणे एवढेच. चेंडू सामावणारा खळगा खेळाडूलाच अस्तर चेपून तयार करावा लागे.

१९१९ मध्ये डोक आपली कल्पना घेऊन सेंट लुईसच्या रॉलिंग्ज कंपनीकडे गेले. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चामड्याच्या वाद्या ओवून जाळी करावी, म्हणजे चेंडू तळहातावर न आदळता तेथे अडकेल, असा त्यांचा विचार होता. १९२० पासून ‘बिल डोक’ ग्लोव्ह विक्रीला आला. त्यात खळगा आधीच घडवलेला असे. १९२२ मध्ये त्याचे पेटंटही मिळाले.

योगायोग असा, की १९२० मध्येच स्पिटबॉलवर बंदी आली. आधीपासून तो टाकणाऱ्या मोजक्या १७ पिचरना निवृत्तीपर्यंत मुभा मिळाली, त्यात डोक होते. त्यांचे अस्त्र त्यांच्या पिढीबरोबर संपणार हे त्याच वेळी ठरले. १९२९ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर १६९ विजय होते.

ग्लोव्हने मात्र त्यांच्या कारकिर्दीनंतरही साथ दिली. १९५३ पर्यंत तो कंपनीच्या यादीत होता आणि त्याचे मानधन डोक यांना मिळत राहिले. २६ नोव्हेंबर १९५४ रोजी फ्लोरिडातील ब्रेडेंटन येथे त्यांचे निधन झाले. आजही नवा ग्लोव्ह मळून मऊ करणारा खेळाडू चेंडू ठेवतो तो अंगठा व तर्जनीमधल्या त्याच जाळीपाशी.