चुंबकाचं वय आणि नानाभाई मूस

चुंबकाची ताकद काळाबरोबर कमी होते का? होस्टेलमध्ये एका जुन्या स्पीकरवरून हा वाद निघाला आणि उत्तर शोधता शोधता मी थेट कुलाब्याच्या वेधशाळेत पोचले!

नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांचा जन्म १८५९ चा. म्हणजे ज्या वर्षी कुलाब्याच्या उपकरणांनी ते प्रसिद्ध प्रचंड चुंबकीय वादळ नोंदवलं, त्याच वर्षीचा. मुंबई विद्यापीठाची सिव्हिलची एल.सी.ई. घेतली, म्हणजे हा माणूस आपल्याच जातकुळीतला! पुढे एडिंबरोला विज्ञान शिकून आले आणि १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

तिथलं काम पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं. पण मोजायचं कशाने? तर चुंबकानेच! आणि पोलादाचं चुंबक धक्क्याने, उष्णतेने, दुसऱ्या चुंबकाच्या सहवासाने हळूहळू दुबळं होतं. मग आकडा घटला तर पृथ्वी बदलली की आपलं चुंबक म्हातारं झालं, हे कळणार कसं? नाहीतर साठ वर्षांच्या नोंदी रद्दीत!

तोडगा गाउसने १८३२ मध्येच दिला होता. चुंबक टांगून झुलवायचं, झोक्याच्या वेळेवरून चुंबकाची ताकद आणि पृथ्वीचं आडवं क्षेत्र यांचा गुणाकार मिळतो. मग त्याच चुंबकाने दुसरी सुई वळवायची, त्यातून भागाकार मिळतो. दोन समीकरणं, दोन अज्ञात. चुंबक कितीही थकलेलं असो, पृथ्वीचा आकडा खरा येतो. आपल्या एम-वनच्या पेपरपेक्षा सोपं आहे की नाही?

पण खरं संकट वेगळंच आलं. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार होत्या. त्यांच्या करंटने कुलाब्याच्या नोंदी बिघडल्या असत्या. मूस यांनी नवी जागा निवडली ती अलिबागची. आपल्या नगरकडे घराघरात दिसतो तो काळा दगड तिथे चालणार नव्हता, कारण त्यात मॅग्नेटाइट असतं. म्हणून पोरबंदरचा दगड आणला, लोखंड टाळलं. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली, तेव्हा मूस तयार होते.

१९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ च्या नोंदी दोन खंडांत छापल्या. १९१९ ला निवृत्त झाले, १९३६ मध्ये गेले. अलिबागला मोजमाप आजही चालू आहे.

तर होस्टेलच्या वादाचं उत्तर असं: हो, चुंबक कमजोर होतं. आजची निओडिमियमची चुंबकं नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकतात, पण साध्या प्रतीची ८० अंशांच्या वर तापली की कायमची ताकद गमावतात. लॅबमधली पट्टी-चुंबकं जोडीने, विरुद्ध ध्रुव जवळ आणि टोकांना लोखंडी तुकडा लावून ठेवा. आणि प्रॅक्टिकलचं रीडिंग चुकलं की आधी उपकरणावर संशय घ्या, मूससाहेबांसारखा, आणि मग तो संशय गणितात धरा.